कटऑफकाका

आमच्या नाशिकच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्यांच्या खऱ्या नावाने आता पोस्टमनसुद्धा ओळखत नाही. ते कटऑफकाका. नोकरी विम्याच्या कचेरीत, पण ती फावल्या वेळात. पूर्णवेळ काम म्हणजे लेकीचं इंजिनिअरिंग. ती आठवीत गेली त्या जूनमध्ये काका पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "आमचं इंजिनिअरिंग सुरू झालं." त्यातला 'आमचं' मी तेव्हा मनावर घेतला नाही.

त्यांच्या घरी भिंतीवर दोन कॅलेंडरं. एक काकूंचं. त्यावर एकादश्या, चतुर्थ्या आणि दूधवाल्याचे खाडे. दुसरं काकांचं. त्यावर आठवीला स्कॉलरशिप, नववीला होमी भाभा, मधल्या रिकाम्या चौकोनांत फाउंडेशन बॅच, आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट. पोरीला चित्रांचा मनापासून नाद. काकांनाही तो पसंत होता, कारण त्याला भाव होता. "इंटरमिजिएटला ए ग्रेड म्हणजे दहावीला ७ गुण, बी म्हणजे ५," ते तिच्या मागे उभे राहून सांगत. "हे आकाश मला बी वाटतंय. जरा निळं कर."

पोरीने ए ग्रेड आणली. दहावीच्या निकालात सात गुण जमा झाले आणि त्याच रविवारी काकांनी माझ्याकडून स्टूल नेऊन रंगपेटी माळ्यावर टाकली. अकरावीत चित्राला गुण नाहीत.

अकरावी 'इंटिग्रेटेड'. म्हणजे नाव एका कॉलेजात आणि मुलगी क्लासात. क्लास कॉलेज रोडला असल्यामुळे 'कॉलेजला जाते' हे अगदीच खोटं नव्हतं. काका मात्र मनाने केव्हाच इंजिनिअरिंगला पोचले होते. त्यांच्या लेखी कॉलेजांना नावं नसत, कोड असत. ६००६ म्हणजे पुण्याचं सीओईपी, ३०१२ म्हणजे मुंबईचं व्हीजेटीआय. "सीईटीत ८० टक्के बारावीचं, २० टक्के अकरावीचं. गणिताला दोन-दोन गुण. निगेटिव्ह नाही, सगळं सोडवायचं! जेईईत मात्र चुकलं की एक गेला," हे ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. काकूंनी नवी भाजी केली, तर घास घेण्याआधी विचारत, "याला निगेटिव्ह आहे का?"

लग्नाच्या पंगतीतही त्यांची इंजिनिअरिंग प्रवेशाची कॅप राउंड चाले. पहिल्या पंगतीला आग्रह झाला तरी बसत नसत. "पहिल्या फेरीत गोठायचं नाही. दुसरीत बेटरमेंट मिळते." एकदा बेटरमेंटच्या नादात तिसरी पंगत उजाडली आणि मठ्ठा संपला. त्या दिवशी घरी पिठलं झालं.

यथावकाश सीईटीचा निकाल लागला. नव्याण्णव पर्सेंटाइल! आजींनी शंभरातला एकच गुण गेला म्हणून देवापुढे साखर ठेवली. काका सोफ्यावर कपाळाला हात लावून बसले होते. मी म्हटलं, "अहो, नव्याण्णव!" तर म्हणाले, "म्हणजे लाखात हजार पोरं पुढे. हजार! आपल्या सोसायटीत बिऱ्हाडं किती? चोवीस."

शेवटी ६००६ लाच मेटलर्जी मिळालं. पोरीने विचारलं, "बाबा, मेटलर्जीत नक्की काय शिकवतात?" काकांनी वही उघडली, तीन वर्षांचे आकडे सांगितले, कुठल्या फेरीत किती वर बंद झालं तेही सांगितलं. पोर ऐकत राहिली. प्रश्न तसाच राहिला.

तिला सोडायला पुण्याला गेलो तेव्हा गाद्या उचलायला मीही होतो. शिवाजीनगरला उतरल्यावर काका रिक्षावाल्याला म्हणाले, "६००६." तो म्हणाला, "काका, बसथांबा पलीकडे आहे." मग पोरच म्हणाली, "सीओईपी, संचेतीजवळ." दगडी इमारतीसमोर काका बराच वेळ उभे राहिले. १८५४ सालापासूनचं कॉलेज. त्यातली शेवटची तीनच वर्षं काकांना पाठ. मग हळूच मला म्हणाले, "आत काय असतं हो?"

नाशिकला परतल्यावर काकांचं कॅलेंडर भिंतीवर तसंच होतं, पण पुढचे चौकोन कोरे. आठवडाभर काका जिन्यात कुणाला अडवेनात, तेव्हा आम्हालाच काळजी वाटू लागली.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात काका.

"पोरीचा फोन होता. तिथे मुलं जमून भिंत रंगवतायत म्हणे, त्यात हीपण आहे. विचारलं, याचे गुण किती? म्हणाली, शून्य."

"मग?"

"तेच कळत नाही. शून्यासाठी रात्री दोनपर्यंत जागली. जेईईला कधी अकराच्या पुढे जागली नव्हती." ते थोडा वेळ माझ्या दाराच्या कडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचं स्टूल द्या जरा. माळ्यावरची रंगपेटी काढायचीय. पाठवून देतो तिला."

"चहा घ्या ना, मग काढू."

"नको, नको," काका स्टूल उचलून निघालेसुद्धा. "कुरिअरचा कटऑफ साडेपाचचा आहे."