कानसेन

‘‘आला! ऐकलास?’’ म्हणत काका करकचून ब्रेक लावतात. त्यावर मागचा रिक्षावाला जे बोलतो ते अख्ख्या कर्वे रोडला ऐकू येतं. गाडीचा आवाज मात्र एकट्या काकांना.

आमच्या मजल्यावरचे हे काका बँकेतून निवृत्त झालेले. सवाई गंधर्वच्या भारतीय बैठकीत वर्षानुवर्षं मांडी घालून त्यांनी कान तयार केला होता. बारा वर्षांच्या हॅचबॅकला पुढून खडखड सुरू झाली आणि त्या कानाला एकदाचं काम मिळालं.

खडखड हा शब्द माझा. काकांपुढे तो उच्चारायची सोय नाही. ‘‘खडखड ब्रेकच्या कॅलिपरची. हलका ब्रेक दाब, थांबते. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवलं की टंग्‌ होतं, ते शॉकअपच्या माउंटिंगचं. लोअर आर्मचा बुश गेला तर धप्प. हा आपला टकटक आहे.’’ मग तो टकटक डॅशबोर्डवर बोटांनी वाजवून दाखवतात, आधी विलंबित आणि मग द्रुत.

बाकीचे पुणेकर स्टिअरिंग फिरवतात ते खड्डा चुकवायला; काका फिरवतात ते गाठायला. त्यातही कुठलाही खड्डा चालत नाही. स्पीडब्रेकर तर अगदीच बिनकामाचा. त्यावर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, स्टॅबिलायझर बारला पीळच बसत नाही, आणि त्याची लिंक, म्हणजे गॅरेजवाल्यांचा जंपिंग रॉड, गप्प राहते. हवा तो एकाच चाकाचा उथळ खड्डा. वेग वीसच्या आत, काच खाली, आणि शेजारी भिंत, म्हणजे आवाज परतून येतो. असा भिंतीसकट खड्डा आमच्या कोपऱ्यावर आहे. रविवारी सकाळी काका त्यावरून सात वेळा जातात. एकदा त्यांनी मला डिकीत आडवं करून स्टेपनीला कान लावायला सांगितलं होतं. जॅक आणि पाना सैल नाहीत एवढं त्यातून निष्पन्न झालं. माझी कंबर मात्र सैल झाली.

गॅरेजात आणखी पंचाईत. गाडी रॅम्पवर चढली की चाकं लोंबकळतात, सांध्यांवर नेहमीचा भार राहत नाही, आणि रस्त्यावर बडबडणारा सांधा तिथे पुष्कळदा मौनव्रत धरतो. फिटर चाकाला हिसके देतो, टॉमी घालून बुश हलवून पाहतो आणि म्हणतो, ‘‘काका, सगळं टाइट आहे.’’ सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेल्या पेशंटसारखे काका दुखावतात. ‘‘मग उजवी लिंक बदल,’’ म्हणतात, आणि नाना पेठेतून स्वतः पारखून आणलेला पार्ट खिशातून काढतात. दोन वर्षांत उजवी लिंक झाली, उजवा लोअर आर्म झाला, उजवं माउंटिंग झालं, आणि पुन्हा उजवी लिंक.

परवा गॅरेजात नवा पोरगा होता. त्याने रॅम्पचं नावच काढलं नाही. गाडी पिटवर घेतली, चाकं जमिनीवरच. काकू गाडीतून उतरल्याही नाहीत. मला एका बाजूने गाडी डुलवायला लावून तो खाली उतरला आणि एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेला.

‘‘डावी लिंक गेलीय.’’

‘‘डावी?’’ काकांना स्वतःच्या कानावर विश्वास बसेना, आणि इथे तो वाक्प्रचार नाही. आवाज कुठून येतो हे ठरवायला दोन कान लागतात. काकांचा डावा कान बँकेच्याही आधी निवृत्त झालाय. त्यांच्यासाठी जगातले सगळे आवाज उजवीकडूनच येतात. आणि गाडीत काकू बसतात डावीकडे.

‘‘दोन वर्षं सांगतेय,’’ काकू सीटवरूनच म्हणाल्या, ‘‘माझ्या पायाखाली वाजतंय म्हणून.’’

मला ऐकू आलं. पिटमधल्या पोरालाही आलं, कारण खालून हसण्याचा आवाज आला. काकांनी दार उघडून आत डोकावलं आणि जरा रागानेच विचारलं, ‘‘अगं, तू त्या बाजूला बसतेस ना? निदान तू तरी सांगायचंस!’’