शून्य, एक, कंसात दहा

डोंबिवलीला आमच्या ताईकडे नवा माणूस आला, की भावोजी त्याचं गाव, आडनाव, नोकरी यातलं काही विचारत नाहीत. चहा यायच्या आत प्रश्न येतो, "ओपनजीएल कितवं आहे तुमच्याकडे?" (ओपनजीएल म्हणजे सॉफ्टवेअरने ग्राफिक्सच्या चिपकडून चित्रं काढून घ्यायची ठरलेली रीत.) समोरचा बिचारा "असेल एखादं" म्हणतो आणि तिथेच फसतो. "असेल म्हणजे? बघून घ्या. टर्मिनल उघडा, जीएलएक्सइन्फो चालवा, कळेल." माणूस वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आलेला असतो.

भावोजींना लिनक्सचा नाद लागला तो पीसीक्वेस्ट मासिकासोबत सीडी मिळायच्या त्या काळात. दिवसभर बँकेत हिशेब जुळवायचे आणि रात्री घरी न जुळणारं काहीतरी उघडून बसायचं. आता निवृत्त झाल्यामुळे दिवसही मोकळा सापडलाय. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना हे सगळं सुरू केलं, हे ते अशा सुरात सांगतात की जणू पोरगा ह्यांच्याच चाळीतला. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात त्याने एनव्हीडिया ह्या ग्राफिक्स चिपच्या कंपनीला मधलं बोट दाखवलं, तो प्रसंग तर साभिनय होतो. बोट वर येण्याच्या बेतात असलं की ताई मुलांना पाणी आणायला आत पिटाळते.

नातवाच्या बारशाचा व्हिडिओ नीट कापून, जोडून सगळ्यांना दाखवायची जबाबदारी भावोजींनी आपणहून घेतली. कुणी दिली नव्हती. जुना लॅपटॉप काढला, संकलनाचं सॉफ्टवेअर उघडलं. आवाज आला, पाळणा ऐकू आला, चित्राच्या जागी काळोख. खाली एक लाल ओळ. आमच्यासारख्याने ती खिडकी बंद केली असती. भावोजींनी चष्मा बदलला.

"शून्य, एक, कंसात दहा," ते वाचू लागले. "शून्य म्हणजे मजकुराचा पहिला तुकडा, एक म्हणजे ओळ, दहा म्हणजे ओळीतली जागा. अरे, पहिल्याच ओळीत अडलाय! ह्याला शेडरची भाषा, जीएलएसएल, ३.३० हवीय आणि आपली चिप १.२०च्या पुढे जात नाही."

आतून त्यांच्या आईंनी विचारलं, "लागलं का रे?"

"आई, शेडर कंपाइल होत नाहीये."

"मग राहू दे. जेवून घे आधी."

शेडर म्हणजे काय, हे त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही आता ठाऊक आहे. कॅमेरा चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतो. पडद्याला लागतात लाल, हिरवा, निळा. हे रूपांतर दर ठिपक्याला करायचं. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका चित्रात वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके, सेकंदाला पंचवीस चित्रं धरली तर पाच कोटी अठरा लाखांच्या वर. (हा गुणाकार भावोजी तोंडी करतात, बँकेची सवय.) त्यासाठी ग्राफिक्सच्या चिपवर जो चिमुकला प्रोग्राम पळतो, तो शेडर. आणि खरी मेख पुढे आहे. बाकीचं सॉफ्टवेअर तयार होऊन आपल्याकडे येतं; ओपनजीएलमधला शेडर बहुधा नुसता मजकूर म्हणून येतो आणि आपल्या घरी, आपल्याच ड्रायव्हरकडून कंपाइल होतो. लिहिणाऱ्याकडे सुरळीत चाललेली वस्तू डोंबिवलीत आपटते ती ह्यामुळे. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसते. इतक्या लांबून खास आपल्याकडे चूक घडायला आली, ह्याचं त्यांना कौतुकच वाटतं.

मग भावोजी कामाला लागले. आधी सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधली शेडरची फाइल उघडून पहिल्या ओळीतला आकडाच खाली आणला. ठिपका वाचायच्या फंक्शनचं नाव १.२०मध्ये टेक्श्चर टूडी, १.३०पासून नुसतं टेक्श्चर, तेही बदललं. चूक आता चौदाव्या ओळीत आली. "बघ!" माझ्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले, "तेरा ओळी पुढे सरकलो." पडदा होता तसाच काळा.

पुढचा उपाय जरा भानगडीचा. मेसा नावाच्या ड्रायव्हरसंचाला एक सेटिंग देऊन, आपल्याकडे ओपनजीएल ३.३ आहे असं खुशाल खोटं सांगता येतं. शाळेत नाव घालताना पोराची जन्मतारीख सरकवावी, त्यातलाच प्रकार. सॉफ्टवेअर फसलं, उघडलं, आणि आत्याबाई पाळण्यासकट हिरव्यागार दिसल्या. चिपला जे येत नाही ते कागदावर लिहून येत नाही.

शेवटी त्यांनी ग्राफिक्सची चिप बाजूलाच ठेवली आणि सगळं काम प्रोसेसरवर टाकलं. त्या सोयीला एलएलव्हीएमपाइप म्हणतात. गंमत म्हणजे ती ओपनजीएल ४.५पर्यंत सगळं समजते, त्यामुळे चूक साफ गेली. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला आणि "कुणी गोविंद घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून निघालं, ते दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत ताईने कुकर लावून घेतला.

तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "बाबा, नुसताच बघायचा असेल तर प्लेअरमध्ये व्हिडिओ आउटपुट बदला ना. एक्स११ घेतलं की शेडर लागतच नाही." आणि करून दाखवलं. चित्र आलं, रंग बरोबर. घरातले सगळे धावत आले. भावोजी तेवढे उठून गॅलरीत गेले. "ह्याला काय दुरुस्ती म्हणतात?" मागोमाग गेल्यावर ते मला म्हणाले. "ह्याने प्रश्न टाळला." आत आत्याबाईंचा मूळचा मोतिया रंग सगळे बघत होते, भावोजींनी वहीत चिपचं नाव, मेसाची आवृत्ती आणि चौदावी ओळ टिपून ठेवली.

गेल्या आठवड्यात समोरच्या ब्लॉकमधल्या मुलाने नवा लॅपटॉप आणला, त्यावर उबुंटू लिनक्स घातलं आणि कौतुकाने भावोजींना दाखवायला आला. भावोजींनी जीएलएक्सइन्फो चालवलं: ४.६. तीन प्लेअर उघडले, तिन्ही चालले. लॉग वरपासून खालपर्यंत वाचला, एकही लाल ओळ नाही. ते बराच वेळ गप्प होते. मुलगा निघायला उठला, तशी त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला.

"आजची रात्र राहू दे माझ्याकडे. इतकं सुरळीत चालणं बरं नव्हे."