दुधातली अफू

दहीभात ओरपून दुपारी आडवं होणाऱ्या माणसाला आपल्याकडे आळशी म्हणायची पद्धत आहे. त्या बिचाऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला १९७९ साली जर्मन शास्त्रज्ञ पुढे आले. ब्रांटल, टेशमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गाईच्या दुधातल्या केसीन या प्रथिनात चक्क अफूच्या वळणाचा पदार्थ सापडला. त्याचं नाव बीटा-कॅसोमॉर्फिन.

प्रकार असा, की प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. पोटातले पाचकरस ती तोडायला लागले की बीटा-केसीनमधून सात मण्यांचा एक तुकडा सुटू शकतो आणि शरीरात मॉर्फीन जिथे जाऊन बसतं, तिथेच जाऊन बसतो. आईच्या दुधातूनही असे तुकडे निघतात. पिऊन झालं की बाळ जे गुंगतं, त्यात यांचा हात असावा असा काहींचा अंदाज आहे. एके काळी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून निजवत. ती गोळी जिवावरही बेतायची. दुधातला माल त्या मानाने फारच सोज्वळ.

इतका सोज्वळ, की मोठ्या माणसाच्या काही उपयोगाचा नाही. एक तर त्याचा जोर मॉर्फीनच्या पासंगालाही पुरत नाही. त्यातून आतड्यातलेच पाचकरस त्याचा बहुतेक चुरा करून टाकतात. मेंदूपर्यंत पोचणार काय, कपाळ! फार तर आतड्याची चाल थोडी मंदावते. म्हणजे मागायला गेलो झोप आणि पदरात पडलं बद्धकोष्ठ.

पण बाजाराला एवढा धागा पुरतो. बीटा-केसीनच्या माळेत सदुसष्टाव्या जागी हिस्टिडीन असलं तर ते ए-वन, प्रोलीन असलं तर ए-टू. ए-वनमधून तो सात मण्यांचा तुकडा सहज सुटतो, ए-टूमधून सुटता सुटत नाही. झालं! ए-वन दूध आजार आणतं अशी हाकाटी झाली, न्यूझीलंडमध्ये २००० साली यावर कंपनी उभी राहिली आणि आपल्याकडे देशी गाईचं ए-टू दूध काचेच्या बाटलीतून, चढ्या भावाने दारात आलं. जगात नशेचे जादा पैसे पडतात. इथे नशा नसल्याचे मोजायचे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली सगळे कागद तपासले, तेव्हा हा तुकडा आणि आजार यांचं कार्यकारण काही जुळलं नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४मध्ये ‘पाकिटांवरचे ए-वन, ए-टू काढा’ असं फर्मान काढलं आणि आठवड्याच्या आत मागेही घेतलं. सरकारी कागद इतक्या चपळाईने फिरलेला क्वचितच पाहायला मिळतो.

या सगळ्यात मला वाईट वाटतं ते म्हशीचं. तिचं दूधही ए-टूच. पण तिच्या गळ्यात हार नाही, बाटलीवर फोटो नाही, आणि भाव ठरतो तो फॅटवर. कोल्हापूरला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात. पेला फेसाने काठोकाठ भरतो, मिशा पांढऱ्या होतात, आणि सदुसष्टाव्या जागेची चौकशी कुणी करत नाही. म्हैस रवंथ करत उभी असते. तिला एखादा बरा जाहिरातवाला मिळाला असता, तर हाच पेला आपल्याला परवडला नसता.