मौजे नार्निया येथील खुणांची पाहणी कशी करावी

ज्या वाचकांचे बालपण, अथवा बालपण सरल्यानंतर उरलेला त्याचा काही अंश, सी. एस. लुईस यांच्या नार्निया या काल्पनिक मुलुखात व्यतीत झाला आहे, त्यांना पुढील आयुष्यात एक चमत्कारिक व्याधी जडते. ती अशी की, कपाट, छत्री, रस्त्यावरचा दिवा, आगगाडीचा फलाट अशा अत्यंत निरुपद्रवी वस्तूंसमोर ते अकारण थबकतात आणि मागून येणाऱ्या इसमाचा धक्का खातात. या व्याधीवर औषध नाही. परंतु अलीकडे वाटेल त्या वस्तूत नार्निया दिसल्याचे दावे बेसुमार वाढले असल्यामुळे, आणि दावे आले म्हणजे त्यांची छाननी आलीच, म्हणून उमेदवारांच्या सोयीसाठी प्रस्तुत मार्गदर्शनाची तजवीज केली आहे.

मुख्य नियम आरंभीच सांगून टाकणे इष्ट. कोणतीही वस्तू नार्नियाची खूण म्हणून रुजू करून घेण्यापूर्वी ती आपल्या नित्याच्या कामावर हजर आहे किंवा नाही, हे पाहावे. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पुस्तकातील कपाट हे जादूचे कपाट म्हणून कोणी बनवून घेतलेले नव्हते; ते कोट टांगण्यासाठी होते आणि त्यात कोट टांगलेले होते. कथेतील ल्युसी ही मुलगी त्याचे दार उघडते तेव्हा डांबराच्या दोन गोळ्या बाहेर घरंगळतात, आणि एरवी त्या खोलीत काय आहे म्हणाल, तर खिडकीशी मरून पडलेली एक निळी माशी. ही माशी लेखकाने मोठ्या विचाराने तेथे मारून ठेवली आहे, असे आमचे मत आहे. कारण ज्या खोलीत माशी मरून पडते आणि तिला कोणी झाडूनही काढत नाही, त्या खोलीला आपल्या थोरवीची काहीच वार्ता नसते, आणि अशाच खोलीवर वाचकाचा विश्वास बसतो.

हा नियम एकदा मान्य केला म्हणजे पुष्कळ दावे आपोआपच निकालात निघतात. बेलफास्ट या लुईसच्या जन्मगावी रॉस विल्सन या शिल्पकाराने 1998 साली ब्राँझचे एक कपाट आणि त्याचे दार उघडणारा एक गृहस्थ उभा केला आहे. शिल्प उत्तम आहे. परंतु त्या कपाटात कोणी आपला कोट ठेवीत नाही, सबब त्याची नोंद स्मारक म्हणून होईल, खूण म्हणून नव्हे. याउलट लुईसच्या आजोबांनी स्वतः घडविलेले जे ओक लाकडाचे कपाट अमेरिकेतील इलिनॉय राज्यात व्हीटन येथे एका महाविद्यालयाच्या संग्रहात जाऊन पोहोचले आहे, त्याने एका कुटुंबाचे कपडे वर्षानुवर्षे निमूटपणे सांभाळले असल्यामुळे त्याची सेवा निर्विवाद आहे. ज्या उपाहारगृहांत हल्ली छतापासून कापसाचे हिम सोडून आणि कोपऱ्यात विजेचा बुटका दिवा लावून गिऱ्हाइकांना नार्नियात आल्याची ग्वाही दिली जाते, त्यांचे अर्ज आम्ही न वाचताच परत करतो.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळू. कपाट तपासावयाचे असल्यास ते शक्यतो आत्याचे अथवा मावशीचे असावे. स्वतःच्या कपाटात काय आहे हे उमेदवारास ठाऊक असते, आणि ज्ञान हा या कामी अडथळा आहे. दिवस पावसाचा निवडावा. मूळ कथेतील मुले घर धुंडाळू लागतात तीही बाहेर संततधार लागली म्हणूनच, आणि या एका बाबतीत कोकणातील उमेदवारास इंग्लंडातील उमेदवारापेक्षा अधिक संधी आहे, हे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. दार उघडताच प्रथम वास घ्यावा. डांबरगोळ्या, त्यांच्या मागे कापूर, त्याच्या मागे मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेल्या शालूची जुनी जर, आणि सर्वांच्या मागे दमट लाकूड, असा क्रम लागला तर चौकशी पुढे चालवावी. मग हात आत घालावा आणि बोटांना कापडाऐवजी काही टोचते काय, याची प्रतीक्षा करावी. या अवस्थेत घरातील वडीलधाऱ्यांकडून हरकत येण्याचा संभव असतो.

“काय रे, काय शोधतोयस कपाटात?”

“काही नाही आत्या, बर्फ.”

“बर्फ तिथे कसा असेल? आणि शालवांना ते ओले हात लावू नकोस.”

अशा प्रसंगी वाद घालू नये. आत्याचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून असते, आणि नार्नियाच्या प्रकरणात वस्तुस्थितीस धरून बोलणाऱ्या माणसाची साक्ष ही फार मोलाची असते.

लोखंडी कपाटांविषयी स्वतंत्र खुलासा आवश्यक आहे. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या कथेवरून असे निष्पन्न होते की, मूळ कपाट एका सफरचंदाच्या झाडाचे होते, ते झाड नार्नियातील फळाच्या बीपासून लंडनच्या एका परसात उगवले होते, आणि तिकडे वारा सुटला की हे इकडे वारा नसतानाही हलत असे. पुढे वादळात ते उन्मळले आणि धन्याने त्याचे कपाट करविले. लोखंडास असे माहेर नसते. तथापि आपल्याकडील लोखंडी कपाटांच्या दारास बहुधा आरसा असतो, आणि मूळ कपाटासही तो होता, एवढ्या आधारावर त्यांना उमेदवारीची मुभा आहे. मात्र आत शिरून दार लावून घेण्यास सक्त मनाई आहे. ही मनाई आमच्या पदरची नव्हे. कपाटात स्वतःला कोंडून घेणे हा मूर्खपणा होय, असे लुईस स्वतः कथा थांबवून पुनःपुन्हा बजावतात, इतके की एखाद्या विमा कंपनीने त्यांच्याकडून तसे लिहून घेतले असावे असा संशय यावा. आपल्या कपाटांची मूठ बाहेरूनच फिरते, तेव्हा हा इशारा येथे दुप्पट लागू समजावा.

दिव्याच्या बाबतीत पुष्कळ गावांचे हक्क सांगितले जातात. ऑक्सफर्डला सेंट मेरीज पॅसेज नावाच्या बोळात सिंहाचा चेहरा कोरलेले एक दार, त्याच्या दोन्ही अंगांस सोनेरी रंगाचे बोकडपाये, आणि काही पावलांवर एक दिवा, असा सगळाच सरंजाम एकत्र सापडत असल्याने तेथील वाटाडे तो मोठ्या खात्रीने दाखवितात. लुईस विद्यार्थिदशेत जेथे होते त्या मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवरील गॅसच्या दिव्यांचाही असाच दावा आहे. आमच्या मते जेथे सर्वच पुरावे एका बोळात हारीने उभे असतात तेथे पंचांनी सावध राहावे. लुईस यांनी स्वतः सांगितले ते इतकेच की, हिमातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेल्या एका फॉनचे, म्हणजे कमरेखाली बोकड व वर मनुष्य अशा प्राण्याचे, चित्र वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांच्या डोक्यात होते. कथेतील दिव्याची कुळकथा तर याहून सरळ आहे: एका दुष्ट राणीने लंडनच्या रस्त्यावरील खांबाचा लोखंडी दांडा मोडून घेतला, नुकत्याच जन्मास येत असलेल्या नार्नियात तो अस्लान नामक सिंहावर फेकला, आणि त्या भूमीचा कस असा की पडल्या जागी तो रुजून त्याचा दिवा उगवला. तेव्हापासून तो अरण्यात, कोणाही इसमास गरज नसताना, रात्रंदिवस जळत आहे. उमेदवाराने हेच लक्षण शोधावे. सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, निर्विकारपणे जळणारे नगरपालिकेचे दिवे हे या दृष्टीने पूर्णतः पात्र आहेत, आणि त्यांची तक्रार करणाऱ्या नागरिकांना साहित्याची गोडी नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

छत्रीवाल्या गृहस्थांची पाहणी अधिक नाजूक आहे. दिवाळीच्या सुमारास अवकाळी सर येऊन गेली की दादरच्या पदपथावर एका हाती काळी छत्री, दुसऱ्या हाती कागदी पुडकी, गळ्याला मफलर आणि मुद्रेवर अपराधी भाव, असे गृहस्थ हटकून दृष्टीस पडतात. श्री. टम्नस नामक फॉनचे वर्णन याहून निराळे नाही. फरक एवढाच की, शेपूट हिमात लोळू नये म्हणून धोतराचा सोगा धरावा तसे त्यांनी ते हातावर घेतलेले असते. निश्चिती पायांवरून होते. अपरिचिताचे पाय निरखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु तेथे पावले उलटी आहेत काय एवढेच पाहावयाचे असते, येथे खूर पाहावयाचे आहेत, आणि हल्लीच्या बुटांमुळे दोन्ही शास्त्रांची सारखीच कुचंबणा झाली आहे. चहाचे आमंत्रण मिळाल्यास जावे, पण बासरी ऐकत बसू नये. टम्नसच्या बासरीने डोळे जड होतात, आणि ल्युसीला असेच गुंगवून नार्नियावर सत्ता गाजविणाऱ्या पांढऱ्या चेटकिणीच्या स्वाधीन करण्याचे त्याने पत्करले होते, हे विसरू नये.

गोड खाऊच्या संदर्भात मात्र अनेकांची फसगत झालेली आहे. हीच पांढरी चेटकीण ल्युसीच्या भावाला, एडमंडला, घसरगाडीत बसवून पेटीभर टर्किश डिलाइट खाऊ घालते आणि मधून मधून, तुला भावंडे किती, असे विचारीत राहते. हा पदार्थ म्हणजे साखर, मक्याचे पीठ आणि गुलाबपाणी. आपल्या कराची हलव्याचा तो लांबचा नातलग लागतो. एवढ्यासाठी कोणी सख्खी भावंडे विकावी काय, असे आजच्या वाचकास वाटते. परंतु पुस्तक आले त्या वर्षी इंग्लंडात मिठाई शिधापत्रिकेवर मिळत होती आणि तो निर्बंध 1953 पर्यंत उठला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे एडमंडविषयीचा राग पुष्कळसा निवळतो. रेशनच्या रांगेत साखरेसाठी उभे राहिलेल्या आमच्या पिढीचा तर पार निवळतो. आपल्याकडे पेढा पुढे करून किती भावंडे, मोठी बहीण कुठे दिली, धाकटा काय करतो, असे विचारणारी व्यक्ती दर दोन महिन्यांनी घरी येत असते. ती चेटकीण नसून स्थळ घेऊन आलेली असते. दोन्ही प्रसंगी सावधगिरी एकच.

फलाटासंबंधी आधार 1951 सालच्या पुस्तकात सापडतो. चार भावंडे शाळेस परतताना एका पेंगुळलेल्या स्टेशनवर बसली असता त्यांना कोणीतरी ओढू लागते, आणि एकमेकांचे हात धरीपर्यंत ती नार्नियाच्या झाडीत जाऊन पडतात. मुंबईच्या उमेदवारास अशी ओढ सकाळ-संध्याकाळ अनुभवास येते, आणि भायखळ्यास उतरू इच्छिणारा मनुष्य तिच्या प्रभावाने कुर्ल्यास जाऊन पोहोचतो. ही नार्नियाची खूण नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 साली, तिचे नाव धारण केलेल्या आणि आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाच्या फाटकावर एक सिंह बसलेला आहे, याकडे काही उत्साही अर्जदारांनी लक्ष वेधले होते. तो सिंह ब्रिटनचा आणि शेजारचा वाघ हिंदुस्थानचा, अशी तेथील वाटणी आहे. सारांश, तो पूर्वीच दुसऱ्या दरबारी चाकरीस लागलेला असून अस्लान कोणाची चाकरी करीत नाही. अर्ज नामंजूर.

या सर्वांहून सरस, आणि आश्चर्य म्हणजे कोणीच दावा न केलेली, खूण स्वयंपाकघरात आहे. ज्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फ आपोआप वितळण्याची सोय नाही, त्याच्या वरच्या कप्प्यात महिनोन्महिने साचून राहणारे पांढरेशुभ्र साम्राज्य कोणी निरखून पाहिले आहे काय? चेटकिणीच्या अमलाखालील नार्नियाप्रमाणे तेथे सदैव हिवाळा असतो आणि नाताळ कधीच येत नाही. मग एका रविवारी गृहिणी बटण बंद करते, आत ऊन पाण्याचे पातेले ठेवते, खाली जुना टॉवेल अंथरते, आणि थोड्या वेळाने घरात सर्वांना ऐकू येईल असे ठिबकणे सुरू होते: आधी एक थेंब, मग दोन, मग एक अखंड ओघळ, आणि शेवटी छताशी चिकटलेला मोठा तुकडा धाडकन खाली येतो. चेटकिणीची घसरगाडी अशाच वितळण्याने अडली होती. बर्फ सरता सरता तळाशी प्रथम हिरवे काही दिसू लागते. ते मागच्या हिवाळ्यात सोलून ठेवलेले मटार असतात. येथे वस्तू शंभर टक्के कामावर हजर आहे आणि तिला नार्नियाची गंधवार्ताही नाही. नार्नियातील बीव्हरीणबाईंनी शत्रू दाराशी येत असताना वाटेसाठी चहा, साखर, पाव, काड्यापेटी आणि हातरुमाल शांतपणे बांधून, वर शिवणयंत्रही घेता येईल काय असे विचारले होते. त्या बाईंना हे स्वयंपाकघर आपलेच वाटले असते.

राहता राहिला वयोमर्यादेचा प्रश्न. पीटर आणि सुझन या थोरल्या भावंडांना दुसऱ्या फेरीनंतर, तुम्ही आता मोठे झालात, असे सांगून कायमचे परत पाठविण्यात आले, यावरून प्रौढ उमेदवार निराश होतात. परंतु पहिले पुस्तक ज्या धर्मकन्येस अर्पण केले आहे तिला लुईस यांनी कळविले होते की, तू परीकथांसाठी आताच फार मोठी झाली आहेस आणि पुस्तक छापून होईतो आणखी मोठी झालेली असशील, पण पुढे कधीतरी पुन्हा त्या वाचण्याइतकी मोठी होशील. याचा अर्थ आम्ही असा करतो की, मधली चाळीस-पन्नास वर्षे उमेदवारी स्थगित राहते, रद्द होत नाही. सेवानिवृत्तीनंतर अर्ज नव्याने करता येतो. जन्मतारखेचा दाखला लागत नाही. गुडघे दुखत असल्यास कपाटाचा खालचा खण नातवंडाकडून उघडून घेण्यास हरकत नाही, मात्र ते आत शिरून अर्ध्या मिनिटात बाहेर आले आणि पंधरा वर्षे राज्य करून आलो असे सांगू लागले, तर त्याचा जबाब त्याच्या आईबापांना न कळविता, सविस्तर, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा.