उचला आणि पोचवा, एवढंच?

सिंगापुरात ९९५ फिरवला की अँब्युलन्स येते. दहापैकी आठ वेळा ११ मिनिटांच्या आत पोचायचं, असं तिथल्या सिव्हिल डिफेन्स फोर्सचं उद्दिष्ट आहे. पोचायला किती मिनिटं लागली हे काटेकोर मोजलं जातं. पोचल्यावर गाडीतल्या पॅरामेडिकला काय काय करू दिलं, हे कोण मोजतं?

२०१९ मध्ये अँब्युलन्ससाठी आलेले फोन दोन लाखांच्या आत होते. २०२२ मध्ये ते २ लाख ५९ हजारांवर गेले. म्हणजे दिवसाला सातशेहून जास्त. पुढच्या दोन वर्षांत आकडा थोडा उतरला, पण २ लाख ४५ हजारांच्या खाली काही आला नाही. तीन वर्षांत एवढी माणसं एकदम मरणाच्या दारात गेली?

नाही. म्हातारी झाली.

२०२४ मध्ये सिंगापूरच्या नागरिकांपैकी १९.९ टक्के लोक ६५ किंवा त्यापुढचे होते. २०३० पर्यंत हे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्शावर जाईल. म्हातारपणाची दुखणी सायरन वाजवत येत नाहीत. ती रोज थोडी थोडी येतात, आणि एका रात्री घरच्यांचा धीर सुटतो. मग फोन जातो. तो खोटा नसतो. ज्या माणसाला आणि ज्या वाहनाला बोलावलं, ते त्या दुखण्यासाठी बनलेलं नसतं, इतकंच.

समजा, तोआ पायोहमधला बाराव्या मजल्यावरचा सरकारी फ्लॅट. आजोबांनी इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं. घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं. पॅरामेडिक आला. बोटाला सुई टोचून साखर मोजली, शीर शोधली, ग्लुकोज दिलं. थोड्याच वेळात आजोबा उठून बसले आणि नातीला हाका मारू लागले.

खरं काम इथून पुढे सुरू होतं.

साखर इन्सुलिनने उतरली की गोळ्यांनी? काही गोळ्यांचा अंमल लांबतो, साखर पुन्हा घसरू शकते. त्या रुग्णाला रुग्णालयात न्यायलाच हवं. पण कारण नुसतं चुकलेलं जेवण असेल, घरात कुणी जागं असेल, तर त्याला समोर बसवून खाऊ घालायचं, थोड्या वेळाने साखर पुन्हा तपासायची, त्याच्या क्लिनिकला कळवायचं आणि उद्या कुणीतरी घरी येऊन बघायचं. हा फरक ओळखायला एमबीबीएस लागत नाही. प्रशिक्षण लागतं, आणि फोनच्या पलीकडे डॉक्टर लागतो.

त्याऐवजी स्ट्रेचर, लिफ्ट आणि आपत्कालीन विभागातली बाकं. पुढच्या महिन्यात साखर पुन्हा उतरते. अँब्युलन्स पुन्हा येते. कारण जेवण का चुकतं, हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नाही.

त्या फ्लॅटमध्ये पॅरामेडिकला जे दिसतं, ते रुग्णालयातल्या डॉक्टरला कधीच दिसत नाही. टेबलावर औषधांची पिशवी असते. तीन क्लिनिकांच्या पट्ट्या असतात, त्यांत रक्तदाबाचं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी, आणि आजी दोन्ही घेतात. बाथरूमची फरशी ओली असते आणि धरायला दांडा नाही. सरकारच्या ‘ईझ’ योजनेतून असे दांडे सवलतीत बसवून मिळतात. अर्ज करायला आजींना सांगणार कोण?

जो माणूस तिथे उभा आहे, तोच.

सरकार हात बांधून बसलं, असं म्हणता येणार नाही. एप्रिल २०१९ पासून नियम आला की तातडीचा नसलेला रुग्ण ९९५ची अँब्युलन्स नेणार नाही. एखाद्याला नेलं आणि रुग्णालयात प्रकरण तातडीचं नाही असं ठरलं, तर २७४ डॉलर भरा. बाकीच्यांनी १७७७ला फोन करून खासगी गाडी बोलवा. नियम चुकीचा नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता छातीदाबाशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्याची गाडी दुसऱ्याच्या सर्दीत अडकू नये, हे कुणालाही पटेल.

पण ‘तुम्हाला नेत नाही’ हा काही उपचार नव्हे.

आणि छातीतली कळ हृदयाची की पित्ताची, हे ७८ वर्षांच्या बाईने रात्री दोन वाजता ठरवायचं? चूक झाली तर एका बाजूला २७४ डॉलर, दुसऱ्या बाजूला जीव. दंडाच्या भीतीने फोन न करणारी एखादी तरी आजी असणारच. ती कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

दुसरे मार्गही काढले गेले. चांगी जनरल हॉस्पिटलने २०१४ मध्ये ‘जीपी फर्स्ट’ सुरू केलं. आधी जवळच्या डॉक्टरकडे जा, त्याने पाठवलं तर आपत्कालीन विभागाच्या बिलात सवलत घ्या. जुलै २०२३ मध्ये ‘हेल्दिअर एसजी’ आलं, प्रत्येकाला आपला ठरलेला डॉक्टर असावा म्हणून. दोन्ही योजना चांगल्या. दोन्हींत रुग्णाने स्वतः चालत जायचं असतं. गुडघे धरलेल्या माणसाचं काय?

त्याचंही उत्तर सिंगापूरकडे आहे. एप्रिल २०२२ मध्ये ‘एमआयसी ॲट होम’चा प्रयोग सुरू झाला. रुग्णालयात भरती करावं अशा माणसावर त्याच्या घरीच उपचार करायचे, डॉक्टरने व्हिडिओवरून बघायचं, नर्सने घरी जायचं. १ एप्रिल २०२४ पासून ती नियमित सेवा झाली आणि वॉर्डाप्रमाणे विम्याचा आधारही मिळाला. म्हणजे राहतं घर हा वॉर्ड असू शकतो, हे राज्यकर्त्यांनी मान्य केलं. मग ज्याची सगळी नोकरी लोकांच्या घरांत शिरण्यात गेली, त्या पॅरामेडिकचं मुख्य काम अजून ‘स्थिर करा, उचला, पोचवा’ एवढंच का?

कॅनडाने हा प्रश्न कधीच सोडवायला घेतला. नोव्हा स्कोशियातल्या लाँग आणि ब्रायर या बेटांवर डॉक्टर टिकत नव्हते. तिथे पॅरामेडिक, एक नर्स आणि दूरवरून सल्ला देणारा डॉक्टर अशी जोडणी केली. पॅरामेडिक रिकाम्या वेळात रक्तदाब तपासू लागले, जखमांची पट्टी बदलू लागले. फोन येण्याची वाट बघत बसलेला कुशल माणूस कामाला लागला.

ओंटॅरिओत पुढचं पाऊल पडलं. वृद्धांच्या अनुदानित इमारतींत पॅरामेडिक दर आठवड्याला तळमजल्यावर बसू लागले. रक्तदाब, साखर, पडण्याचा धोका तपासायचा आणि त्या माणसाच्या डॉक्टरला कळवायचं. २०१८ मध्ये चाचणीचे निष्कर्ष छापून आले. ज्या इमारतींत हे झालं तिथून अँब्युलन्सला जाणारे फोन सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाले.

सिंगापुरात दर पाच रहिवाशांपैकी जवळजवळ चार सरकारी इमारतींत राहतात. बहुतेक इमारतींखाली मोकळा तळमजला, म्हणजे व्हॉइड डेक असतो. लग्नं तिथे होतात, अंत्यविधीही तिथेच. टेबल मांडायला जागा शोधावी लागणार नाही.

इंग्लंडने आणखी धीर केला. जादा शिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकला २०१८ पासून औषध लिहून देण्याचा अधिकार मिळाला. आज तिथे पॅरामेडिक जीपीच्या दवाखान्यात बसतात, घरभेटी करतात. आभाळ कोसळलं नाही.

आक्षेप आहेत, आणि त्यांतले दोन वजनदार आहेत. पहिला असा की चूक झाली तर जबाबदार कोण? उत्तर लेखी हवं. कुठल्या लक्षणाला घरीच थांबायचं, कुठल्याला न्यायचंच, डॉक्टरला कधी विचारायचं, हे कागदावर ठरवा. नोंदणी करा. सिंगापूरने २०११ मध्ये कायदा करून फिजिओथेरपिस्ट आणि त्यांच्यासारख्या व्यावसायिकांना नोंदणीच्या चौकटीत आणलंच ना?

दुसरा आक्षेप असा की पॅरामेडिक घरभेटींना गेले तर ९९५वर कोण? हा प्रश्न खरा आहे. म्हणून हे काम आहे त्याच पाळीत कोंबू नका. वेगळी पदं काढा. वर्षानुवर्षं स्ट्रेचर उचलून ज्यांची कंबर गेली, पण डोळा तयार झाला, ते अनुभवी लोक या नोकरीतून बाहेर पडतात. त्यांना इथे बढती द्या. अनुभव वाया जाणं थांबेल आणि आपत्कालीन गाडीवर तरुण हात राहतील.

‘डॉक्टर नसलेल्या माणसाने उपचार करायचे?’ हा तिसरा आक्षेप मराठी वाचकाला नवा नाही. त्याचं उत्तर गडचिरोलीने दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाला तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. त्या गावांत डॉक्टर आला म्हणून बाळं वाचली, असं नाही. शिकलेली बाई घरात पोचली म्हणून वाचली.

या गोष्टीचा उत्तरार्धही सिंगापूरने ऐकावा. आपण आशा सेविका नेमल्या, कामं वाढवत नेली, आणि पगाराऐवजी मोबदला दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. काम समाजाचं म्हणून पैसे कमी, हा हिशेब पुन्हा कुणी मांडू नये. पॅरामेडिकला जादा अधिकार देणार असाल तर जादा पगार त्याच आदेशात हवा.

हा प्रश्न परक्यांचा आहे असं समजू नका. सिंगापुरातल्या पुंगोल, सेंगकांगमध्ये मराठी घरं आहेत. नवरा-बायको ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि पुण्या-नाशिकहून आलेले आईवडील दिवसभर फ्लॅटमध्ये. भाषा अर्धी कळते, औषधं गावाकडची, डॉक्टर ओळखीचा नाही. दुपारी चक्कर आली तर त्यांनी कुणाला विचारायचं?

आणि आपलं १०८? २०१४ मध्ये ९३७ गाड्यांची सेवा उभी राहिली आणि गाडीत डॉक्टर बसवला. गाडीतल्या त्या डॉक्टरचं कामही बहुतेक रुग्णालयाच्या दारात संपतं. महाराष्ट्रही म्हातारा होतो आहे. दारात आलेल्या जाणत्या माणसाकडून नुसती वाहतूक करून घेणं आपल्याला तरी कुठे परवडणार आहे?

सिंगापूरकडे पैसा आहे, शिकवणाऱ्या संस्था आहेत, शिस्त आहे. कॅनडाचा पुरावा छापून तयार आहे. एका वसाहतीपासून सुरुवात करा, वर्षभर मोजा आणि आकडे लोकांसमोर ठेवा. जोवर हे होत नाही, तोवर प्रत्येक नवी अँब्युलन्स त्याच आजोबांना त्याच दारातून पुन्हा उचलत राहील, आणि खर्च मात्र दर वेळी नवा होईल.