खो-खो बघताना भजी खाता येत नाहीत

भूम तालुक्यातल्या ईटमध्ये नवरा-बायकोनं जोडीनं बाहेर खायला जाणं ही काही सांगून करायची गोष्ट नाही. लग्नातलं जेवण, पाहुण्याकडचं जेवण, जत्रेतली गोडी शेव इथपर्यंत ठीक. पण घरात पिठाचा डबा भरलेला असताना धडधाकट बाईनं गाड्यावर उभं राहून भजी खायची म्हणजे भावकीत चार तोंडं वाजणारच. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी आणि त्यांच्या पत्नी आक्कांनी यावर तोडगा काढला आहे. खायला जायचंच नाही. मॅच बघायला जायचं. मॅचला गेलेल्या माणसाला भूक लागली तर त्यात त्याचा काय दोष?

मॅच कसली, याला फार महत्त्व नाही. तालुक्याची कबड्डी, यात्रेतली कुस्ती, शाळांच्या पावसाळी स्पर्धा, काहीही चालतं. गुरुजी पेपरात आधी क्रीडापान बघतात आणि आक्का ते मैदान कुठल्या चौकाजवळ आहे ते विचारतात. प्रवासाची चिंता सरकारनं मिटवलेली आहे. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पासष्टी ओलांडल्यामुळं गुरुजींना ते आधीपासूनच होतं. म्हणजे दोघांत मिळून एक तिकीट. वाचलेल्या दुसऱ्या तिकिटाचे पैसे आक्का वेगळ्या गाठीत बांधतात. ती गाठ भज्यांची. संध्याकाळी परतताना ती मोकळी नसली तर मॅच रंगली नाही असं समजायचं.

आता कुणी म्हणेल, एवढं खायचंच आहे तर ईटमध्ये काय कमी आहे? काहीच कमी नाही. बाजारच्या दिवशी जिलेबीच्या कढईपासून भेळभत्त्याच्या पाट्यांपर्यंत सगळं हजर असतं. सकाळी सुशीला आणि त्यावर दोन गरम भजी मिळाली की मराठवाड्यातल्या माणसाला पोह्यांची आठवण होत नाही. ज्यांना सुशीला म्हणजे कुणाची तरी आत्या वाटते त्यांच्यासाठी सांगतो : भिजवून पिळलेले चुरमुरे, फोडणीत कांदा-मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट किंवा डाळ्याचं पीठ. बशीत पडल्यापासून पाच मिनिटांत संपवायचं, नाहीतर त्याचा गोळा होतो.

शिवाय हा सगळा भाग खव्याचा. म्हशीचं पाच लिटर दूध भट्टीवर आटवत बसावं तेव्हा कुठं किलोभर खवा पदरात पडतो, आणि तोवर उलथणं फिरवणाऱ्याचा खांदा भरून येतो. तालुक्यातलंच कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथं सल्लेखना घेतली. अन्नाचा असा त्याग जिथं झाला, त्याच कुंथलगिरीच्या नावानं आज खवा आणि पेढे प्रसिद्ध आहेत, आणि खव्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. डोंगरावर माणूस वैराग्याचा विचार करतो आणि खाली उतरल्यावर अर्धा किलो बांधून घेतो. गुरुजी पाव किलोच घेतात. त्यांना साखरेचा त्रास आहे. आक्कांचा पाव किलो वेगळा असतो.

पण गावात खाल्लेलं गावभर होतं. म्हणून मॅच.

मॅच म्हटल्यावर धाराशिव जिल्ह्यात पहिलं नाव खो-खोचं. इथं पोरगी चालायला लागली की घरचे पाय बघतात : चांगले पडायला लागलेत की नाही, उंबरठ्यावर हूल देते की नाही. सारिका काळे याच जिल्ह्याची. 2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं आणि 2020 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताच्या महिलांनी नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती आणि कर्णधार प्रियंका इंगळे शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. तो अंतिम सामना गुरुजींनी मोबाइलवर पाहिला. आक्कांनीही पाहिला, फक्त त्यांचं म्हणणं असं पडलं की दिल्लीला काय काय खायला मिळत असेल हे कॅमेरावाल्यानं एकदाही दाखवलं नाही.

आक्कांची खो-खोबद्दल एकच तक्रार आहे, आणि ती खेळातल्या जाणकारानंही ऐकून घ्यावी अशी आहे. हा खेळ बघताना खाता येत नाही. आठ जणी पाटीवर बसलेल्या, नववी पाठलाग करणार, समोरून तिघींची तुकडी आत आलेली. पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, म्हणून क्षणाक्षणाला खो. जुन्या पद्धतीत नऊ मिनिटांची पाळी, विश्वचषकात तर सातच मिनिटांची. एकदा धाराशिवच्या मैदानावर आक्का पेपरात गुंडाळलेली भजी घेऊन परतल्या तर आपल्या बाजूच्या तिघीही बाद होऊन कडेला पाणी पीत बसलेल्या.

"झाल्या बी आऊट?"

"मग काय तुझ्या भज्यांसाठी थांबतील का?" गुरुजी म्हणाले, आणि पेपरातलं सगळ्यात मोठं भजं उचललं. ते तोंडात घालेपर्यंत पुढच्या तुकडीतली एक बाद. भजं गरम, तोंड भाजलं, ओरडायचं होतं ते राहून गेलं. खो-खोत डोळा हलवायची सोय नाही आणि भजं न बघता खाल्लं की मिरची नेमकी दाताखाली येते. कबड्डीचं तेच. कुस्तीला जरा सवड असते, पण तिथं धूळ. अशी दोघांची सगळी हौस खेळाच्या वेगाशी भांडत चालली होती.

हे भांडण मिटलं ते कॅलिफोर्नियात. मुलगा तिकडं नोकरीला. आईबाप आले म्हणून त्यानं त्यांना एका संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कला, जायंट्स संघाचा बेसबॉल बघायला नेलं. हे मैदान 2000 साली अगदी खाडीला चिकटून उघडलं. उजव्या बाजूची भिंत ओलांडून चेंडू गेला तर थेट पाण्यात पडतो, आणि तो झेलायला माणसं छोट्या होड्यांतून वल्ही मारत बसलेली असतात. "ह्यांना दुसरं काम न्हाई का?" असं आक्कांनी विचारलं. उन्हाळा असूनही त्या गावात संध्याकाळी बोचरं वारं सुटतं, हे माहीत असल्यामुळं मुलानं आईला स्वेटर आणि कानटोपी चढवली होती. ईटच्या उन्हाळ्यात वाढलेल्या बाईला जुलैत कानटोपी!

गुरुजी मुळात माळकरी, आणि दिवस नेमका एकादशीचा. मुलगा घाबरला. इथं उपासाचं काय मिळणार? पण बेसबॉलच्या मैदानावरचा पहिला मानाचा पदार्थ म्हणजे भाजलेल्या शेंगा. टरफलासकट, पिशवी भरून. टरफलं तिथंच पायाखाली टाकायची, कुणी काही म्हणत नाही. 1908 साली लिहिलेलं जे गाणं तिथं सातव्या डावाच्या मध्यावर अख्खं मैदान उभं राहून म्हणतं, त्यातही मॅचला ने आणि शेंगदाणे घेऊन दे असाच हट्ट आहे. ज्या खेळाच्या आरतीतच शेंगदाणे आहेत तो खेळ उपासाला चालतो, असा निर्णय गुरुजींनी जागच्या जागी दिला. पिशवीची किंमत मुलानं सांगितली नाही, ते बरं केलं. आक्कांनी मनात रुपये केले असते तर पहिल्याच डावात त्या उठून आल्या असत्या.

या मैदानाची दुसरी ख्याती लसूण घातलेल्या बटाट्याच्या फोडींची. तळलेल्या फोडींवर तेलात परतलेला लसूण असा पसरतात की वास वरच्या मजल्यापर्यंत जावा. बटाटा उपासाला चालतो, लसूण चालत नाही. गुरुजी लसूण झटकून बटाटा खायच्या विचारात होते, पण आक्कांनी शास्त्राची बाजू घेतली आणि पुडा स्वतःकडं ओढला. त्या काही एकादशी करत नाहीत. मग गुरुजींनी दुसरी पिशवी फोडली. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याकडं नुसतं म्हणतात. ओरॅकल पार्कमध्ये ते पंचांसमोर झालं.

खेळ मात्र दोघांना समजायला वेळ लागला. नऊ डाव. पट्टीवाल्याला तीन संधी, चार चेंडू वाईट टाकले तर तो फुकट चालत पहिल्या ठाण्यावर. चेंडू मारला की पट्टी टाकून पळायचं. चेंडू साठ फूट सहा इंचांवरून येतो आणि दोन ठाण्यांमधलं अंतर नव्वद फूट. गुरुजींना पहिल्यांदा जीव आला तो एका धावकानं ठाणं चोरलं तेव्हा. चेंडू टाकायच्या आत हूल देऊन पुढच्या ठाण्याकडं झेपावणं! हा तर खो-खोतला खेळाडू, फक्त चुकीच्या देशात जन्मलेला. मुलानं सांगितलं, या चोरीची अधिकृत नोंद ठेवतात. खाडीपलीकडच्या तेव्हाच्या ओकलंड संघाच्या रिकी हेंडरसननं कारकिर्दीत 1,406 ठाणी चोरली. तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे आणि 2009 साली त्याला सन्मानानं मानकऱ्यांत बसवलं. "आमच्या शाळेत एकानं खडू चोरला तर मी त्याला कोंबडा केला हुता," गुरुजी म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

आक्कांना खेळ वेगळ्या बाजूनं समजला. चेंडूफेक्या उभा राहतो, टोपी सारखी करतो, मागच्या माणसाच्या बोटांच्या खुणा बघतो, मान हलवतो, पुन्हा खुणा. डाव पालटला की सगळे सावकाश आत-बाहेर. तेवढ्यात सहा शेंगा फोडून होतात आणि काहीच हुकत नाही. हा खेळ खाणाऱ्यांचा विचार करून काढलाय, असा त्यांचा निष्कर्ष. तो हसण्यावारी नेऊ नये. 2023 साली तिकडं चेंडूफेक्यासाठी घड्याळ लावलं : इतक्या सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. सरासरी सामना 2022 मध्ये तीन तास चार मिनिटं चालायचा, तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. प्रेक्षक खूश झाले, पण विक्रेत्यांची चोवीस मिनिटं गेली. त्यावर मिलवॉकीसकट काही संघांनी सातव्या डावात बंद होणारी बिअरची विक्री आठव्यापर्यंत वाढवली. म्हणजे खेळ आटला तरी खाण्यापिण्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे धोरण आक्कांच्या आधीच तिथं ठरलेलं होतं.

मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती ईटमध्ये अजून कुणाला पटलेली नाही. सिएटलच्या मैदानात 2017 पासून मेक्सिकोच्या पद्धतीचे भाजलेले नाकतोडे मिळतात. तिखट-मीठ आणि लिंबू लावून. मागणी इतकी वाढली की एका सामन्याला 312 पुडेच विकायचे असं ठरलं, कारण तिथल्या एडगर मार्टिनेझ या खेळाडूची फलंदाजीची सरासरी .312 होती. आपल्याकडं नाकतोडे ज्वारी खातात तेव्हा आपण फवारणी करतो. पारावर हे ऐकून एक शेतकरी एवढंच म्हणाला, "बोलवा त्यांना सुगीच्या आधी."

परत आल्यावर गुरुजींनी बेसबॉलचा शोध घेतला तर तो इथंच निघाला. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. जिल्ह्याच्या पातळीवर मुला-मुलींचे संघ उतरतात, पुढं विभाग, पुढं राज्य. खो-खोच्या मैदानावरची गर्दी इथं नसते. चुन्यानं आखलेला चौकोन, ठाण्याच्या जागी कधी कधी वाळूनं भरलेली पिशवी, एक मातीनं काळा पडलेला हातमोजा आणि तो आळीपाळीनं घालणारी पोरं. चेंडू मात्र सणसणीत टाकतात. पाखरं हाकायला गोफण फिरवलेल्या घरातल्या पोरांना खांदा कुणी शिकवावा लागत नाही. 2008 साली उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोघं एका चाचणीत जोरात चेंडू टाकतात म्हणून निवडले गेले आणि थेट अमेरिकेत पिट्सबर्ग पायरेट्सकडं गेले. त्यावर 2014 साली सिनेमाही निघाला. गुरुजी हे सगळ्यांना सांगतात. पोरं ऐकतात, मग विचारतात, "गुरुजी, शेंगा हायत का अजून?"

कारण शेंगा आता घरून जातात. आक्का त्या चुलीवर भाजतात, पोत्याच्या कापडी पिशवीत भरतात आणि वर एका डब्यात लसणाची चटणी असते, कॅलिफोर्नियाची आठवण म्हणून नव्हे, तर त्या आधीपासून करतात म्हणून. मैदानाबाहेरच्या वडापाववाल्याचंही नुकसान होऊ देत नाहीत. तिसऱ्या डावाला चहा, पाचव्याला वडा, आणि नऊ डाव झाले नाहीत तर पंचांकडं नाराजीनं बघणं, असा त्यांचा कार्यक्रम ठरलेला आहे. भावकीचं म्हणाल तर ती आता वेगळंच बोलते : म्हातारा-म्हातारी पोरांच्या खेळाला एवढ्या लांब जातात, कौतुक केलं पाहिजे.

प्रस्तुत लेखकाची एवढीच विनंती आहे. तुमच्या जिल्ह्यात शालेय बेसबॉलचे सामने कधी आहेत ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा आणि एकदा जाऊन बसा. तिकीट नसतं, जागा भरपूर असते, टाळ्या वाजवायला माणसं कमी पडतात. शेंगा मात्र जास्त न्या, बाद झालेली पोरं जवळ येऊन बसतात.