सगळी वाहनं अकोल्यातच उतरतात

आमच्या जिल्ह्यात पाऊस कमी आणि पावसातले जाणकार जास्त. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा आमचा, अहिल्यानगर. कागदोपत्री नाव बदललं, तरी स्टँडवर कंडक्टर अजून "नगर, नगर, नगर" असंच ओरडतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर आहे आणि तिथे वर्षाला पाच-पाच हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. तेच ढग कळसूबाई ओलांडून, संगमनेर मागे टाकून आमच्या रानावर येतात तेव्हा त्यांच्याकडे द्यायला फक्त सावली उरलेली असते. आमच्या वाट्याला सरासरी पाचशेच्या आसपास, तेही देवाची मर्जी असली तर. थोडक्यात, पाऊस पडतो घाटघरला, साठतो भंडारदऱ्यात, लागतो आमच्या उसाला आणि भांडण होतं जायकवाडीवरून.

अशा मुलखात शेतावर राहणाऱ्याला निसर्गनिरीक्षण छंद म्हणून करता येत नाही. तो घरातला वाद असतो आणि सकाळच्या चहाबरोबर सुरू होतो.

आमच्या घरात त्याचे अध्यक्ष तात्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. रोहिणी संपत आल्या की ते पंचांग काढतात आणि ओट्यावरून विचारतात, "औंदा मिरगाचं वाहन काय रं?" ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पावसाची नक्षत्रं वाहनावर बसून येतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकी पाहायची. एक उरला तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि बाकी शून्य असेल तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. मोर, उंदीर, गाढव मध्यम. कोल्हा आणि मेंढा म्हणजे ओढ. घोडा असला तर पाऊस डोंगरात पडतो.

माझा या शास्त्राला विरोध नाही. नऊ उत्तरांत एक तरी बरोबर येणारच. माझा अनुभव एवढाच, की वाहन कुठलंही असो, आमच्याकडे ते घोड्यासारखंच वागतं. हत्ती निघतो वाजतगाजत, पण उतरतो अकोल्यात. एकदा मी हे तात्यांना बोलून दाखवलं. तात्या म्हणाले, "हत्ती हाये त्यो. त्याला आपल्या पांदीतून वळायला जागा पायजे ना?" यावर काय बोलणार! पांदीवरचं अतिक्रमण आमच्याच बांधाचं आहे.

दुसरं खातं पक्ष्यांचं. पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणून ओरडायला लागतो तेव्हा जमीन तव्यावर ठेवल्यागत तापलेली असते. त्याच्या सांगण्यावरून पेरलं तर दुबार पेरणीचं बी तो देणार नाही. कावळ्यानं घरटं झाडाच्या शेंड्याला बांधलं की दुष्काळ आणि मधल्या बेचक्यात बांधलं की सुकाळ म्हणतात. पण वस्तीवर झाडंच दोन. एका कडुनिंबावर मधे बांधलेलं असतं आणि दुसऱ्या बाभळीवर शेंड्याला. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असंही सांगतात. एकूण आमच्या वस्तीवर हवामानाच्या इतक्या कचेऱ्या आहेत आणि सगळ्यांचे अंदाज वेगळे.

या पक्ष्यांच्या खात्यातली टिटवी मला जवळून पाहायला मिळाली. तिनं अंडी घातली बांधावर, मुरुमात, पायाखाली येतील अशी. घरटं म्हणायला चार खडे बाजूला सारलेले. चार अंडी, राखट मातकट रंगाची, वर काळे डाग, आणि चारही अंड्यांची निमुळती टोकं आत वळवलेली. नजर हलली की अंडी हरवतात, मुरूम तेवढा दिसतो. ऐन मे महिना. दुपारी टिटवी उठायची, पाटाच्या कडेला जायची, पोटाची पिसं पाण्यात भिजवायची आणि तशीच लगबगीनं येऊन अंड्यांवर बसायची. पुन्हा उठायची, पुन्हा भिजवायची. ठिबकच्या अनुदानासाठी मी किती कागद जोडले ते आठवून मला तिचा हेवा वाटला. तात्या आले, लांबूनच पाहिलं आणि निकाल दिला, "अंडी उंचावर घातली. पाऊस लई." त्यांनी औताला सांगून तेवढा बांध सोडला. औत वळलं की टिटवी पंख मोडल्याचं नाटक करत लंगडत दुसरीकडे निघायची. बैलांवर त्याचा परिणाम शून्य, पण कुत्रा दर वेळी फसायचा. पिल्लं निघाली आणि अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच चालायला लागली. पाऊस मात्र मघापर्यंत आला नाही. टिटवीनं तसं कबूलही केलं नव्हतं.

तिसरं खातं मोबाइलचं. ते माझ्याकडे आहे. एकदा मी तात्यांना वाचून दाखवलं, "आज सत्तर टक्के पाऊस."

"सत्तर टक्के म्हंजी फस्क्लास पास," तात्या म्हणाले. "मंग निकाल कुठंय?"

झाडाझुडपांचं फार लिहीत नाही. गाजर गवत आणि वेडी बाभूळ या दोघींनाच पाहायचं असेल तर गाडीतून उतरायचीही गरज नाही. मोरांचं तेवढं सांगतो. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि हे त्याला कळलेलं आहे. भुईमुगाच्या वाफ्यात उतरून तो अशा थाटात शेंगा उकरतो की त्याला हाकलायला "हाड" म्हणतानाही तोंडात आधी "अहो" येतं.

माझा भाचा पुण्याहून पक्षी पाहायला येतो. गुणी मुलगा. पहाटे उठतो, अंगात मातकट रंगाचे कपडे, गळ्यात दुर्बीण. पहिल्या खेपेला त्यानं बांधावर तिपाई उभी करून वर भला मोठा कॅमेरा चढवला. अर्ध्या तासात सगळी वाडी गोळा. सुरत-चेन्नई महामार्गाच्या मोजणीचं बोलणं सुरू झाल्यापासून आमच्याकडे तिपाई दिसली की माणूस आधी सातबारा आठवतो. शेजारचे नाना कॅमेऱ्याच्या तोंडासमोरच उभे राहिले. "किती मीटर घेणार?" भाचा म्हणाला, "चारशे." कॅमेऱ्याच्या भिंगाबद्दल बोलत होता बिचारा. नानांनी त्या दिवशी वकील गाठला.

पण भाचा खरा येतो बिबट्यासाठी. आणि तिथे मात्र आमच्या गावाची छाती फुगते.

याची हकीकत थोडी जुनी आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांनी पाणी आलं, ऊस वाढला. १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि प्रवराकाठ हिरवागार झाला. हे सगळं शेतकऱ्यासाठी चाललं होतं, पण डोंगरातून बिबट्याही बघत असावा. आडसाली लागण जुलै-ऑगस्टला होते आणि तोड सोळा-अठरा महिन्यांनी. एवढी मुदत, दाट सावली, पाटाचं पाणी, आणि आत शिरून कोण राहतो हे विचारणारा कुणी नाही. त्या मुदतीत मादीचं एक वेत सहज उरकतं. शेअरची रक्कम न भरता बिबट्या आमचा सभासद झाला. फक्त दिवाळीची सवलतीची साखर तेवढी उचलत नाही.

वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या खोऱ्यात बरीच वर्षं या सभासदाचा अभ्यास केला. कॅमेरे लावले, गळ्यात पट्टे घातले, विष्ठा तपासली. त्याच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के आणि शेळ्या जेमतेम ११, आणि हे शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असताना. कारण साधं आहे. शेळीला आपण रात्री कोंडतो, कुत्र्याला राखणीला बाहेर ठेवतो.

याच जिल्ह्यातल्या एका बिबट्यानं तर नाव काढलं. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर वर काढला, पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो तिथे थांबला नाही. महामार्ग ओलांडत, खाडी पोहून, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून त्यानं थेट मुंबईचं राष्ट्रीय उद्यान गाठलं. त्याला 'आजोबा' म्हणतात, २०१४ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला. लोकांना फार आश्चर्य वाटलं. आम्हाला नाही वाटलं. पारनेरचा माणूस मुंबईला जातोच. २०११ मध्ये घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेनं तो गेला. हेही पारनेरच्या किती जणांच्या नशिबी आलं असेल.

गावात ठसा सापडतो तो सकाळी, रात्री भिजलेल्या सरीत. एकदा असाच सापडला. नाना, दूधवाला, ऊसतोडीच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा चिटबॉय, तात्या, सगळे गोल उभे. नाना म्हणाले, मादी आहे. दूधवाला म्हणाला, गाभण आहे. चिटबॉयला तिची चाल दक्षिणेकडची वाटली. मी हळूच म्हटलं की ठशाच्या पुढे नखांचे टोचे दिसतायत, आणि बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. "दमली आसंल," नाना म्हणाले, "इसरली नखं आत घ्यायला." एवढ्यात आमचा मोत्या शेपूट हलवत आला आणि त्यानं नेमका त्या ठशात पाय ठेवला. अंगठीत बोट बसावं तसा बसला. दोन क्षण कुणी बोललं नाही. मग नानांनी निकाल दिला, "बघा, बिबट्या कुत्र्याच्या मापाचा हाये."

त्याच हंगामात एका ऊसतोड टोळीला तोडीत दोन बछडी सापडली. अशा वेळी बछडी क्रेटमध्ये घालून अंधार पडायच्या आत त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते, एकेकाला तोंडात धरते आणि शेजारच्या उभ्या उसात नेते. तशी ती नेलीही. मग शेजाऱ्यानं कारखान्याकडे अर्ज दिला, "माझ्या उसात बिबट्या असल्याने तोड आधी मिळावी." मिळाली. झालं. आठवड्याभरात गावातल्या प्रत्येक उसात बिबट्या निघाला. ज्याचा खोडवा अजून गुडघ्याएवढा होता त्याच्याही. चिटबॉय डायरी मिटून म्हणाला, "एवढे बिबटे धरले तर माणसांना उसात जागा राहत नाही."

इथे थोडं थांबतो, कारण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बाया-माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली होती. शेतपंपाची लाईट रात्री बाराला येते तेव्हा दारं धरायला माणसानं जावंच लागतं, आणि पाण्यावर वाकलेला माणूस पाठीमागून माणूस दिसत नाही. दिवसा लाईट द्या, ही मागणी म्हणून जुनी आहे आणि म्हणूनच खरी आहे.

तोवर उपाय मोबाइलचा. रात्री दारं धरायला जाताना मोठ्यानं काहीतरी लावायचं. नाना लावण्या लावतात. तात्या हरिपाठ. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली ते आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा इथला बिबट्या हरिपाठाला वाट देणारच, असं तात्यांचं म्हणणं. नानांचं म्हणणं, बिबट्याला वाट द्यायला लावायची नसते, थांबवून ठेवायचं असतं. हवामानाच्या अंदाजांप्रमाणेच या शास्त्रातही अजून एकमत नाही.

तुम्हाला हे सगळं पाहायला यायचं असेल तर जरूर या. काजव्यांसाठी मे-जूनमध्ये अकोल्याकडे जा, पावसासाठीही तिकडेच जा. आमच्याकडे थंडीत या, हुरडा खायला. तिपाई आणलीत तर आधी नानांना सांगा. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला एकटे वाकू नका, हातात बॅटरी ठेवा, मोठ्यानं बोला, मुलांना मधे घ्या. आणि घरचा कुत्रा कितीही लाडका असला तरी सोबत आणू नका.